चेहऱ्याची आग आणि दुकानातले क्रीम

प्रश्न : माझे वय ४१ असून सोलापुरात माझा कडक भाकरीचा घरगुती व्यवसाय आहे. गेल्या दोन उन्हाळ्यांपासून गाल व नाक तांबूस-काळपट दिसतात, चुलीची झळ लागताच चेहऱ्याची आग होते आणि मधूनच पुटकुळ्या उठतात. औषधाच्या दुकानातून आणलेले क्रीम लावले की उतार पडतो, थांबवले की त्रास दुप्पट होतो. हल्ली डोळ्यांतही खुपते. घरची मंडळी म्हणतात, हे पित्त आहे, शेंगाचटणी सोड. व्यवसाय बंद करावा लागेल काय?

उत्तर : ताई, व्यवसाय चालू ठेवा, बंद करायचे आहे ते क्रीम. पत्रावरून निदान करणे योग्य नव्हे, तथापि आपले वर्णन ‘रोझेशिया’ या चेहऱ्याच्या दीर्घकालीन दाहाशी जुळते. तो बहुधा तिशीनंतर सुरू होतो, संसर्गजन्य नसतो आणि मुरुमांमधले ब्लॅकहेड्स त्यात आढळत नाहीत. सावळ्या वर्णावर त्याची लाली स्पष्ट दिसत नसल्याने निदान लांबते. सोबत सांधेदुखी किंवा वारंवार तोंड येणे असेल, तर ‘ल्युपस’ (शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटण्याचा आजार) नाही ना, हेही तपासावे लागते.

क्रीमच्या वेष्टनावर क्लोबेटासोल, बीटामेथासोन किंवा मोमेटासोन यांपैकी नाव असेल, तर ते स्टेरॉइड आहे. स्टेरॉइडने रक्तवाहिन्या तात्पुरत्या आकसतात म्हणून चेहरा निवल्यासारखा वाटतो. परंतु दीर्घ वापराने त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या उघड्या दिसू लागतात आणि रोझेशियासारखाच विकार त्यातून उद्भवतो. ते सोडल्यावर काही आठवडे आग वाढू शकते, आणि नेमक्या याच काळात बहुतेक जण पुन्हा ट्यूब आणतात. म्हणून ते त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली सोडावे. मेट्रोनिडॅझोल, अ‍ॅझेलाइक आम्ल किंवा आयव्हरमेक्टिन यांपैकी लावण्याचे औषध आणि गरज पडल्यास डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या ते ठरवतील. गुण यायला साधारण दोन-तीन महिने लागतात. उघड्या पडलेल्या रक्तवाहिन्यांवर मात्र लेसरच उपयोगी पडतो.

सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो त्या दिवसांत भट्टी-चुलीचे काम पहाटे उरकावे, धूर-वाफ बाहेर फेकणारा पंखा बसवावा आणि अधूनमधून थंड पाण्याने भिजवलेले फडके चेहऱ्यावर ठेवावे. बाहेर पडताना झिंक ऑक्साइडयुक्त, किमान एसपीएफ ३० असलेले सनस्क्रीन लावावे. लिंबू, दाणेदार उटणे आणि वाफारा यांनी आग वाढते. सौम्य फेसवॉश आणि सुगंधविरहित मॉइश्चरायझर एवढे पुरे.

शेंगाचटणीवर सरसकट बंदी घालण्याचे कारण नाही. तिखटाने काहींचा चेहरा पेटतो, काहींचा नाही. तेव्हा काही आठवडे खाणे, ऊन आणि त्रास यांची नोंद ठेवून स्वतःच पडताळावे. चहा चालेल, मात्र जरा निवू द्यावा, कारण चहापेक्षा त्याची उष्णताच चेहरा तापवते.

डोळ्यांचे खुपणे दुर्लक्षू नका. रोझेशिया पापण्यांच्या कडांनाही होतो व दुर्लक्ष झाल्यास बुबुळापर्यंत जाऊ शकतो. नजर अंधूक झाली किंवा उजेड सहन होईना, तर त्वचेच्या डॉक्टरांची वाट न पाहता आधी नेत्रतज्ज्ञांकडे जा.