फार्स म्हणजे देखावा नव्हे

गोविंद बल्लाळ देवलांचे 'संगीत संशयकल्लोळ' हे नाटक फार्स की प्रहसन, आणि फार्स हा शब्द मुळात कुठला, असे एका वाचकाने विचारले आहे.

आधी एक सांगतो. 'चौकशीचा फार्स', 'बैठकीचा फार्स' हे ऐकून कान किटले. देखावा म्हणा, सोंग म्हणा, मराठीत शब्दांचा दुष्काळ नाही! फार्समधली माणसे सोंग करत नाहीत. 'संशयकल्लोळा'तल्या फाल्गुनरावाचा बायकोवरचा संशय अगदी मनापासूनचा आहे, म्हणून तर प्रेक्षक हसतो.

आता मूळ. लॅटिन 'फार्सिरे' म्हणजे ठासून भरणे. फ्रेंच स्वयंपाकात 'फार्स' म्हणजे आजही सारण, आपल्या भरल्या वांग्यात असते तसे. मध्ययुगीन चर्चमध्ये 'कीरिये एलेइसॉन' (प्रभू, दया कर) या प्रार्थनेच्या दोन शब्दांच्या मधे जादा स्तुतिवचने भरत, त्यालाही हेच क्रियापद. पुढे धार्मिक नाटकांच्या मधे विनोदी प्रवेश घुसले आणि त्यांना फार्स नाव पडले. डॉक्टर हृदयविकाराच्या झटक्याला 'इन्फार्क्शन' म्हणतात, तोही याच घरातला!

देवलांचे नाटक या व्युत्पत्तीला तंतोतंत उतरते, असे माझे ठाम मत आहे. फ्रेंच नाटककार मोलिएरचा 'स्गानारेल' 1660चा. त्यावरून आर्थर मर्फी या नाटककाराने 1761 मध्ये इंग्रजी नाटक केले आणि त्यावरून देवलांनी गद्य 'फाल्गुनराव'. त्याच गद्यात नंतर पदे भरली गेली आणि 1916 साली गंधर्व नाटक मंडळीने 'संशयकल्लोळ' रंगभूमीवर आणले. कथानक फ्रेंच, सारण नाट्यपदांचे. 'कर हा करी धरिला' काढून पाहा, गोष्टीचे काही अडत नाही, नाटकाची चव मात्र जाते.

फार्सपुढे 'प्रहसन' एवढेच लिहून मोकळे होणारे कोशकार मला मुळीच पटत नाहीत. प्रहसन हा दशरूपकांतला, म्हणजे संस्कृत नाटकाच्या दहा प्रकारांतला एक प्रकार, त्याचा रोख ढोंगावर. 'मत्तविलास' या संस्कृत प्रहसनात मद्यपी कापालिक (कवटी बाळगणारा शैव साधू) आणि बौद्ध भिक्षू यांची टर उडवली आहे. 'संशयकल्लोळा'त ढोंगी कोण? रेवतीच्या हातून पडलेली तिच्या प्रियकराची, आश्विनशेटची तसबीर फाल्गुनरावाच्या बायकोला, कृत्तिकेला सापडते, ती तिच्या हातात फाल्गुनरावाला दिसते, आणि तिथून सगळे आपापल्या परीने खरे बोलत एकमेकांना खोटे ठरवतात.

शिवाय एकोणिसाव्या शतकात पौराणिक खेळाला जोडून होणाऱ्या छोट्या गद्य नाटकालाही आपल्याकडे फार्सच म्हणत. 'नारायणराव पेशवे यांच्या मृत्यूचा फार्स' अशा नावाचे नाटक झाले आहे. त्याला प्रहसन म्हणून दाखवा!