जोन्सला लागतं तेव्हा

प्रश्न : ‘इंडियाना जोन्स’ या साहसपटांच्या मालिकेचा पाचवा भाग दहा वर्षांच्या मुलीसोबत घरी पाहिला. ती खूश, मला मात्र जुन्या भागांची सर वाटली नाही. हे माझं वय बोलतंय का? आणि तिला जुने कुठल्या क्रमाने दाखवू? – एक वाचक, सातारा

उत्तर : वयाला कशाला बोल लावता? 1981च्या पहिल्या भागातली ट्रकवरची मारामारी पुन्हा बघा. जोन्सच्या दंडात गोळी घुसते, तो काचेतून बाहेर फेकला जातो, धावत्या ट्रकखालून सरकत मागे जातो आणि चाबकाला लोंबकळत, फरफटत पुन्हा वर चढतो. ट्रकखाली खराखुरा माणूस होता, स्टंटमन टेरी लेनर्ड. त्याचं अंग मावावं म्हणून रस्त्यात मधोमध चर खणला होता. नंतर बोटीवर जोन्सची प्रेयसी मॅरियन जखमा पुसते, तर हा गडी हात लावू तिथे कळवळतो. मार खाणारा नायक, हीच या मालिकेची खरी गंमत.

2008च्या चौथ्या भागात हाच माणूस अणुस्फोटाच्या वेळी फ्रिजमध्ये शिरतो, फ्रिजसकट कुठल्या कुठे उडतो आणि बाहेर येऊन चालू लागतो. माझं मन तिथेच उडालं.

2023चा पाचवा आधीच्या चारही भागांचा दिग्दर्शक स्पीलबर्गचा नाही, जेम्स मॅनगोल्डचा. सुरुवातीला संगणकाने जोन्स साकारणाऱ्या हॅरिसन फोर्डला तरुण केलंय, पण तोंड उघडलं की आवाज आजोबांचा! तो आगगाडीच्या टपावरून पडेल अशी धास्ती काही वाटत नाही. उलट 1969च्या न्यूयॉर्कमध्ये, शेजारच्या पोरांच्या गाण्यांनी झोपमोड झाली म्हणून अर्ध्या चड्डीत बॅट घेऊन निघालेला म्हातारा फक्कड जमलाय. पुढे कडा चढताना तो आपल्या दुखण्यांची यादी वाचतो, तेव्हा जुना जोन्स भेटतो. असे प्रसंग आणखी हवे होते.

लेकीला आधी पहिला, मग 1989चा तिसरा दाखवा. त्यात शॉन कॉनरी जोन्सचा बाप आहे, फोर्डपेक्षा जेमतेम 12 वर्षांनी मोठा. पण बापलेकांची जुंपते ती अस्सल. 1984चा दुसरा तूर्त राहू द्या. भारतात घडणारी ही गोष्ट, पण आपल्या सरकारने परवानगी नाकारल्याने श्रीलंकेत कँडीजवळ चित्रित झाली. पंगतीत माकडाचा मेंदू वाढणारा राजवाडा भारतात कुठे सापडला, ते लेखकच जाणोत! अमरीश पुरींचा मोलाराम मात्र जबरदस्त. जिवंत माणसाचं काळीज उपटतो, म्हणून दहाव्या वर्षी नको.

पहिल्याच्या शेवटी चेहरे वितळतात. जोन्स मॅरियनला डोळे मिटायला सांगतो, तेव्हा लेकीलाही सांगा.