दिवाळीच्या तोंडावर दुखवट्याचं कार्ड

प्रश्न : शेजारच्या वहिनींचे यजमान श्रावणात गेले. तेव्हा सगळ्यांनी ग्रुपवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ टाकलं, मीही टाकलं. आता दिवाळी आली. हातानं केलेलं एखादं कार्ड वहिनींना द्यावंसं वाटतं. सासूबाई म्हणतात, “दुःखाच्या घरी कुणी ग्रीटिंग देतं का?” काय करू? द्यायचं तर त्यावर काढू काय, लिहू काय?
– एक वाचक, सातारा

उत्तर : द्या. सासूबाईंच्या डोळ्यांपुढे दुकानातलं चमकीवालं ग्रीटिंग असणार. तसलं नको, एवढंच त्यांचं ऐका.

आपल्याकडे पहिल्या दिवसांची व्यवस्था पक्की असते. कडू घास शेजारून येतो, दहाव्या-तेराव्याला घर माणसांनी भरलेलं असतं. मग नणंदा-जावा आपापल्या गाड्या पकडतात आणि बाई एकटी उरते. त्यामुळे तुम्हाला उशीर झालाय असं मुळीच समजू नका. त्या घरी यंदा कंदील लागणार नाही, चकली तळली जाणार नाही. शेजारणी फराळाचा डबा देतील, पण काय बोलावं ते न सुचून दारातूनच मागे फिरतील. तुम्ही डब्याबरोबर कार्ड द्या. वसुबारसेच्या आधीच दिलंत तर उत्तम.

कागद साधाच, पांढरट किंवा फिकट पिवळा. ए-फोर आकाराचा कार्डशीट मधोमध कापा आणि अर्ध्या भागाची घडी घाला, झालं कार्ड. हातकागद मिळाला तर छानच. पुण्यात शिवाजीनगरला हातकागदाची संस्था १९४० पासून आहे, तिथला चिंध्यांच्या लगद्याचा कागद मला फार आवडतो. पण शाईपेन चालवायच्या आधी कोपऱ्यावर एक रेघ ओढून बघा, काही हातकागदांवर शाई फुटते. मग सरळ पेन्सिल घ्यावी.

समई, हार घातलेला फोटो, मावळता सूर्य यांतलं काही काढू नका. ते श्रद्धांजलीच्या फलकावर रोज दिसतं. भाऊंचं काहीतरी काढा : त्यांची सायकल, बाल्कनीतली कुंडी, कानाला दोरा बांधलेला चष्मा. चित्र येत नसेल तर त्यांच्या अंगणातलंच फूल दाबून लावा. बोगनवेल सगळ्यांत सोपी, कारण तिच्या रंगीत पाकळ्या म्हणजे मुळात पानंच, आधीच कागदासारखी कोरडी. पारिजातक तपकिरी पडतो. आणि तेरडा तर नकोच, त्याचा रंग किती दिवस ते म्हणीतच सांगून ठेवलंय! फुलं वर्तमानपत्राच्या दोन पानांत घालून वर जाड पुस्तकं ठेवा, दुसऱ्या दिवशी कागद बदला, आठवडाभर हलवू नका. फेविकॉल पाण्यात जरा पातळ करून ब्रशनं अगदी थोडा लावा. जास्त झाला की कागद सुरकुततो. कोपऱ्यांना हळदकुंकू नको. पत्रिकांना लावून लावून हाताला सवय झालेली असते, म्हणून सांगते.

आता मजकूर. ‘धीर धरा’, ‘देवालाही चांगली माणसं लागतात’, ‘मुलांकडे बघून सावरा’ ही वाक्यं त्यांनी श्रावणापासून पुष्कळ ऐकली असतील. मुलांकडे बघून सावरा म्हणणाऱ्यांचा तर मला रागच येतो. तुम्ही भाऊंविषयी लिहा, जे तुम्ही स्वतः पाहिलंय ते. उदाहरणार्थ :

‘वहिनी, आमचा पेपर खाली पडलेला दिसला की भाऊ तो वर आणून द्यायचे. अजून सकाळी जिन्यात पावलं वाजली की तेच आले असं वाटतं. गुरुवारी मी मंडईत जाणार आहे, तुमची यादी नि पिशवी दाराच्या कडीला अडकवून ठेवा.’

बस, इतकंच. ‘काही लागलं तर सांगा’ असं लिहिलं तर कुणीही काही सांगत नाही. वार ठरवून लिहावं आणि त्या वारी जावं.

पाकिटावर ‘गं. भा.’ लिहू नका. नुसतं वहिनींचं नाव लिहा. हेरवाड या शिरोळ तालुक्यातल्या गावानं मे २०२२ मध्ये कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करायचा ठराव केला. त्याच महिन्यात सरकारनंही तो कित्ता गिरवायचं आवाहन गावोगावच्या ग्रामपंचायतींना केलं. आपल्या बिल्डिंगला अशा ठरावाची वाट कशाला बघायला हवी? संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं पहिलं बोलावणं वहिनींना, आणि तेही हातानं लिहिलेलं, असं करता येईल. सासूबाईंशी त्यावर बोलणं होईल तेव्हा होईल, आधी दिवाळीचं कार्ड पोचू द्या.

प्रश्न : माझ्या नववीच्या वर्गातल्या एका मुलाचे वडील गेले. तो अजून गावीच आहे. वर्गानं मिळून एक मोठं कार्ड करावं का?
– एक शिक्षिका, इचलकरंजी

उत्तर : मोठं नको. ते भिंतीवर लावायच्या तक्त्यासारखं होतं, आणि सगळी मुलं शेजारच्याचं बघून एकच ओळ लिहितात. प्रत्येकाला पोस्टकार्डाएवढा तुकडा द्या. ‘सॉरी’ सोडून काहीही लिहू दे : विज्ञानाची वही पूर्ण करून ठेवलीय, कबड्डीत तुझ्या जागी कुणाला घेतलं नाही. तुम्ही एकदा सगळं वाचून घ्या, नववीची पोरं आहेत. गठ्ठा एका पाकिटात घालून गावी पाठवा, पण पोस्टात नेऊन तोलून घ्या. वीस ग्रॅमच्या पुढे तिकीट वाढतं, आणि कमी तिकिटाचं पाकीट नॉटपेड झालं तर पोस्टमन ते पैसे त्याच्या आईकडे मागेल.