जुवेंकार म्हणजे जुगारी?

पणजीत नव्याने नोकरीला आलेल्या एका वाचकाचा प्रश्न आहे: "ऑफिसात सांत इस्तेव बेटावरच्या सहकाऱ्याला सगळे 'जुवेंकार' म्हणतात. जुवा म्हणजे जुगार ना? मग तिथले लोक जुगारी म्हणून प्रसिद्ध होते का? मांडवीतल्या कॅसिनोंशी याचा काही संबंध आहे का?"

नाही. हे ठासून सांगावेसे वाटते, कारण असले अर्थ चेष्टेत सुरू होतात आणि बघता बघता अख्ख्या गावाला चिकटतात.

जुवें म्हणजे नदीच्या किंवा खाडीच्या पाण्याने वेढलेली जमीन, बेट. सांत इस्तेव हे पोर्तुगीज अमलातले, संताच्या नावावरून पडलेले नाव. त्याआधीपासूनचे नाव जुवें, आणि तेच लोकांच्या तोंडी आजही आहे. जवळच कुंभारजुवें आहे. गोव्याबाहेरही हा शब्द आहे. राजापूर तालुक्यात जैतापूरच्या खाडीत जुवे नावाचे गाव आहे, मालवण तालुक्यात खोतजुवा आणि पाणखोलजुवा आहेत. जुवेकर हे आडनावही असेच गावावरून पडलेले. माशेलच्या देवळातल्या देवीचे नाव तर शांतादुर्गा कुंभारजुवेकरीण. या नावाने पिढ्यान्‌पिढ्या गाऱ्हाणी घातली जातात, आणि घालणाऱ्याच्या मनात जुगार कधीच येत नाही.

जुगाराच्या अर्थाचा जुवा निराळा. संस्कृत द्यूत, प्राकृत जूअ, हिंदी जुआ, जुन्या मराठीत जुवा अशी त्याची वाट. बैलांच्या मानेवरचे जू तिसरेच, ते युग या शब्दापासून आले. मग घोटाळा होतो कुठे? विभक्तीत. नपुंसकलिंगी जुवें आणि पुल्लिंगी जुवा या दोन्हींचे सामान्यरूप एकच, जुव्या-. 'त्याची जमीन जुव्यात गेली' या वाक्यात ती बेटाच्या हद्दीत गेली की डावात, हे नुसत्या रूपावरून कळत नाही. त्यात मालवणकडे बेटालाही जुवाच म्हणतात, त्यामुळे लिंगाचा आधारही तिथे सुटतो. रोमन लिपीने आणखी भर घातली. पोर्तुगीजांनी या गावाचे नाव 'जुआ' असे लिहिले आणि कुंभारजुव्याचे 'कुंबारजुआ' केले. हे दुसरे नाव आजही विधानसभा मतदारसंघाच्या रोमन स्पेलिंगमध्ये आहे. हिंदी येणाऱ्याने पाटी वाचली की त्याला सरळ जुआच दिसतो.

माझ्या मते हा विनोद गोव्यातला नसावा, याचा भक्कम पुरावा कोकणीतच आहे. कोकणीत पत्ते-मटक्याला जुगार म्हणतात आणि खेळणाऱ्याला जुगारी. कोकणी माणसाला जुवें ऐकून पत्ते आठवण्याचे कारणच नाही.

कॅसिनोच्या बोटी उभ्या असतात पणजीसमोर. जुवें त्याच नदीत, पण बरेच वर. शिवाय १ फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या रहिवाशांना कॅसिनोत खेळायला सरकारनेच बंदी घातली आहे, आणि जुवेंकार त्यातच आले.

गावाची खरी ख्याती भाजीची. 'शाकेचें जुवें' असे त्याला म्हणत आले आहेत, शाक म्हणजे भाजी. त्यातही मान इथल्या भेंड्यांचा. साधी भेंडी आडवी कापली की चकतीला बहुधा पाच कोन दिसतात, या भेंड्याला सात. म्हणून नाव सात शिरांचो भेंडो. लांब, फिकट हिरवा, पावसाळी पीक, चतुर्थीच्या आसपास बाजारात येणारा. २०२३ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. ही ख्याती मात्र खुशाल तपासून घ्यावी. कोणी 'जुव्याचे भेंडे' म्हणून विकत असेल तर शिरा मोजाव्यात.

आणखी एक ओळख मराठी वाचकाला इतिहासातून आधीच असते, फक्त तो ती या गावाशी जोडत नाही. १६८३ च्या नोव्हेंबरात संभाजी महाराजांच्या फौजेने जो जुव्याचा किल्ला घेतला, तो याच बेटावरचा. तो परत घ्यायला पोर्तुगीजांचा विजरई (व्हाइसरॉय) कोंद द आल्व्होर स्वतः चालून गेला आणि मार खाऊन मागे फिरला. इतिहासाच्या पुस्तकांतले 'जुवे बेट' ते हेच. नुसता शब्दार्थ पाहिला तर ही 'बेट बेट' अशी द्विरुक्ती आहे, पण जुवें इथे विशेषनाम झालेले असल्याने ती खटकत नाही आणि चूकही मानू नये.

लिहिताना कोकणीत जुवेंकार, मराठीत जुवेकर. अनुस्वार सोडला तरी मराठीत चालतो, केळें-केळे चालते तसाच. सहकाऱ्याला जुवेंकार म्हणायला काहीच हरकत नाही. तो स्वतःही गाव सांगताना तोच शब्द वापरत असेल.