पत्र दोघांच्या नावे, काम एकाचं

काकूंचा पहिला निरोप आला तेव्हा माझ्याकडे पुण्यात रात्रीचे अकरा वाजले होते, त्यांच्याकडे केनियातल्या मोंबासात साडेआठ. ‘ताई, आम्ही प्रभूच्या कामासाठी घराला कुलूप लावून इकडे आलो. अख्ख्या संसारात भांडलो नसू एवढं गेल्या चार महिन्यांत भांडलो. भांडून झालं की रात्री शेजारी बसून प्रार्थना करायची लाज वाटते. मंडळीत कुणाला सांगणार? देवाच्या कामात तक्रार कशी करायची?’

दोघांच्या परवानगीनं हे लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. निवृत्तीनंतर चोवीस तास एकमेकांसमोर आलेली जोडपी माझ्याकडे समुपदेशनाला हाच प्रश्न घेऊन येतात. मुलाकडे सहा महिने अमेरिकेत राहून आलेली तर हमखास. पण ती माणसं निदान कुरकुर तरी करू शकतात. थंडीला नावं ठेवतात, एकटेपणाबद्दल बोलतात आणि मोकळी होतात. चर्चच्या सेवेला गेलेल्यांना ती सोय नसते. आपल्या चर्चच्या ज्या मंडळीनं पुढे उभं करून, डोक्यावर हात ठेवून निरोप दिला, तिला ‘आमचं जमत नाहीये’ हे कसं कळवायचं? त्यामुळे ही भांडणं घरातल्या घरात साचत जातात, आणि वर ‘आपण सेवेला नालायक आहोत’ असा अपराधभाव चढतो. काकूंच्या निरोपात भांडणापेक्षा हा अपराधभाव मला जास्त टोचला.

सर, म्हणजे काकूंचे यजमान, नाशिकचे, निवृत्त मुख्याध्यापक, वय 67. दीड वर्षासाठी मोंबासातल्या चर्चच्या प्रशिक्षण केंद्रात तरुण मुलांना इंग्रजी आणि हिशेब शिकवायला गेलेले. पहिल्याच व्हिडिओ कॉलला त्यांनी मला वीस मिनिटं इतिहास सांगितला. मी नाशिकला चार वर्षं राहिलेली असूनही त्यातलं काही मला माहीत नव्हतं. एकोणिसाव्या शतकात गुलामांनी भरलेली गलबतं इंग्रजी आरमार समुद्रात अडवायचं. त्यांतून सुटलेली आफ्रिकन मुलं मुंबईला उतरवली जायची, आणि त्यांतली कित्येक नाशिकजवळच्या शरणपूरच्या मिशन वस्तीत वाढली, लिहायला-वाचायला शिकली, सुतारकी-लोहारकी शिकली. त्यांतलाच जेकब वेनराइट, आफ्रिका पालथी घालणारा स्कॉटिश मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन याच्या तिथल्या शेवटच्या प्रवासात होता. 1873 मध्ये लिव्हिंग्स्टन वारला, त्याचं हृदय तिथेच झाडाखाली पुरलं, तेव्हा दफनविधीची प्रार्थना या नाशिकच्या विद्यार्थ्यानं वाचली. पुढच्या वर्षी लंडनला वेस्टमिन्स्टर अॅबीमध्ये शवपेटी उचलणाऱ्यांतही तो होता. मग 1875 मध्ये मोंबासा बेटासमोर सुटका झालेल्या गुलामांसाठी फ्रिअरटाउन ही वसाहत उभी राहिली, आणि तिथे कामाला आले ते नाशिकहून परतलेले हे ‘बॉम्बे आफ्रिकन’. तिथे एक घंटा होती. गुलामांचे व्यापारी येताना दिसले की ती वाजवायचे असं सांगतात. त्या भागाला आजही केंगेलेनी म्हणतात, म्हणजे घंटेपाशी.

‘त्यांची लेकरं आपल्या नाशिकनं सांभाळली, ताई. आणि मी त्या घंटेपासून चालत जाण्याच्या अंतरावर शिकवतो,’ म्हणताना सरांचा आवाज भरून आला. ही सेवा त्यांच्यासाठी काय आहे हे मला तेव्हा कळलं. त्या वीस मिनिटांत काकू स्क्रीनच्या कडेला बसून होत्या. मांडीवर लेसो होता, तिकडच्या बायका नेसतात तो छापील कपडा. त्याची किनार त्या दुमडत होत्या आणि परत सरळ करत होत्या.

मी विचारलं, ‘काकू, तुम्ही तिथे कशासाठी गेलात?’

‘हे आले म्हणून.’

काकू 63 वर्षांच्या. 31 वर्षं ग्रामीण आरोग्य केंद्रात परिचारिका होत्या. पावसात बैलगाडीतून बाळंतिणीकडे गेलेली बाई. सेवेचं पत्र दोघांच्या नावे आलं होतं, पण त्यात सरांच्या नावापुढे काम लिहिलं होतं आणि काकूंच्या नावापुढे ‘पत्नी’. जायच्या आधी शरीराची सगळी तयारी करून घेतली होती. पीतज्वराची लस (साठीपुढे ती डॉक्टरांशी नीट बोलूनच घ्यायची असते), मलेरियासाठी मच्छरदाणी, बीपीच्या गोळ्यांचा साठा. ‘तिथे दिवसभर तुम्ही काय करणार?’ हे काकूंना एकानंही विचारलं नव्हतं, सरांनीसुद्धा.

माझी इथे एक चूक झाली. मला वाटलं, ही घरची ओढ आहे. लेक पुण्यात, नातू दोन वर्षांचा. मी सुचवलं की रोज संध्याकाळी नातवाशी बोला. आठवडाभरात काकू आणखी कोमेजल्या. नातू स्क्रीनवर हात आपटायचा आणि कॉल संपला की काकूंना ते दोन खोल्यांचं घर जास्तच रिकामं वाटायचं. मी त्यांच्या दिवसाबद्दल न विचारताच औषध दिलं होतं.

मग मी दोघांना वेगवेगळं बसून एका साध्या दिवसाचा तक्ता लिहायला सांगितला. उठल्यापासून झोपेपर्यंत, काय केलं आणि कुणासाठी केलं. एकमेकांचा बघायचा नाही, पुढच्या कॉलला अदलाबदल करून मोठ्यानं वाचायचा.

सरांचा तक्ता काकूंनी वाचला. सहाला उठणे, वाचन, चहा, सव्वासातला केंद्रावर, तास, जेवण, तास, संध्याकाळी भेटायला येणारी माणसं, प्रार्थना. सुटसुटीत आणि भरलेला दिवस. मग सरांनी काकूंचा कागद हातात घेतला आणि पहिल्याच ओळीला थांबले.

‘साडेदहाला उठणे? हे काय लिहिलंयस?’

‘इथलं साडेदहा. म्हणजे आपले पहाटेचे साडेचार.’

स्वाहिली बोलणारे लोक तास सूर्याच्या हिशेबानं मोजतात. सकाळचे सात म्हणजे ‘साआ मोजा’, एक वाजला. नऊ म्हणजे ‘साआ तातू’, तीन. दिवस मावळला की रात्रीचे तास पुन्हा एकपासून. येशूच्या काळी पण दिवसाचे तास उजाडल्यापासून मोजायचे, हे सर वर्गात शिकवतात, पण मोंबासात चार महिने राहून त्यांचं स्वतःचं घड्याळ नाशिकचंच होतं. केंद्रात सगळे त्यांच्याशी इंग्रजीत बोलत. काकूंना मात्र पाणीवाल्याशी, भाजीवालीशी बोलायचं होतं. त्या पूर्ण दिवस तिकडच्या घड्याळात लिहून बसल्या होत्या, आणि त्यात त्यांना काही विशेष वाटलं नव्हतं.

‘तू रोज साडेचारला उठतेस?’ सरांनी विचारलं.

‘नळाला पाणी आलं तर तेव्हाच येतं ना, अहो.’

पुढचं सर वाचत गेले. पाणी आलं तर पिंपं भरायची, नाही आलं तर हातगाडीवाल्याकडून वीस लिटरचे जेरीकॅन घ्यायचे, पैसे मोबाइलवरून एम-पेसानं. ते त्या शिकल्या होत्या, सरांना अजून जमत नव्हतं. बाजार. दमट उकाड्यात स्वयंपाक. दुपारी सरांबरोबर दोन-तीन विद्यार्थी जेवायला. भांडी. घामानं रोज बदलावे लागणारे कपडे. संध्याकाळी न सांगता येणारी माणसं, त्यांचा चहा. आणि चपात्या. केनियात चपाती म्हणजे सणासुदीचं, आवडीचं खाणं. नावही तेच, जसं दुकानाला ते ‘दुका’ म्हणतात आणि गाडीला ‘गारी’. भारतीय ‘मामा’च्या (तिकडे बाईला मानानं असं म्हणतात) हातची चपाती म्हटल्यावर शनिवारी चाळीस-चाळीस लाटाव्या लागत. ‘कुणासाठी’ या रकान्यात एकाखाली एक सर, पाहुणे, सर, मुलं, सर. ‘स्वतःसाठी’ असं एकाच ओळीपुढे होतं: केस विंचरणे.

सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘अक्विला आणि प्रिस्किल्ला. तंबू शिवणारं जोडपं. पौलाला त्यांनी घरात घेतलं. नव्या करारात त्यांची नावं नेहमी जोडीनं येतात आणि काही ठिकाणी तिचं नाव आधी येतं. हे मी मुलांना फळ्यावर लिहून दाखवतो.’ एवढं बोलून त्यांनी काकूंचा कागद घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला.

प्रार्थनेच्या प्रश्नाला मी हात घातला नाही. ते माझं क्षेत्र नाही. तिथल्या पाळकांशी दोघांनी मिळून बोलावं एवढंच सुचवलं. त्यांनी ते केलं आणि लाजेचं ओझं बरंच हलकं झालं, असं काकू म्हणाल्या.

काकूंना काम हवं होतं, स्वतःचं. परक्या देशात तिथल्या नोंदणीशिवाय परिचारिका म्हणून काम करता येत नाही, आणि काकूंना ते नीट माहीत होतं. पण तिथल्या मदर्स युनियनच्या, म्हणजे चर्चमधल्या महिला मंडळाच्या बायका दर बुधवारी मंडळीतल्या आजारी, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना भेटायला जात. गाणं म्हणायच्या, प्रार्थना करायच्या, निघायच्या. काकू एकदा सोबत गेल्या आणि त्यांनी एका आजींची पाठ पाहिली. लालसर झालेली, जखमेच्या वाटेवर. त्यांनी त्या घरच्या सुनेला दाखवलं, की दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, चादरीला चुणी का ठेवायची नाही, टाच टेकू नये म्हणून पोटरीखाली आणि गुडघ्यांमध्ये घडी कशी द्यायची. लाल भाग चोळायचा नाही, आणि कातडी सुटली तर दवाखान्यातच न्यायचं. पुढच्या बुधवारी दुसऱ्या घरी हेच. मग बायकाच त्यांना न्यायला येऊ लागल्या. आधी त्यांची ओळख ‘मुख्याध्यापकांची बायको’ अशी करून दिली जायची. आता गल्लीतली मुलं ‘शिकामू, बीबी’ म्हणत, आजीला म्हणतात तसं, आणि काकू ‘माराहाबा’ म्हणून उत्तर देत. एका घरी त्यांना नारळाच्या दुधातली म्बाझी खायला मिळाली. ‘ताई, ती आपली तूर निघाली!’ हा निरोप त्यांनी भर दुपारी पाठवला होता, कामाच्या मधून.

एवढ्यानं सगळं सुरळीत झालं असं नाही. बुधवारी विद्यार्थ्यांची जेवणं बंद झाली आणि सरांनी स्वतः खिचडी टाकायची असं ठरलं, तेव्हा सर तीन आठवडे धुसफुसत होते. मला ते हट्टी वाटले. त्यांच्याशी एकट्याशी बोलले तेव्हा उलगडलं. ‘केंद्रातून परत येतो तेव्हा दारात ती असते म्हणून मला ते घर वाटतं. बुधवारी ती नसते आणि मी परक्या गावातल्या दोन खोल्यांत उभा असतो.’ नाशिकला सरांचा सकाळचा फिरण्याचा गट होता, जुने विद्यार्थी होते, वाचनालय होतं. काकूंची भिशी होती, बहीण दोन गल्ल्या सोडून होती. मोंबासात यातलं काहीच नव्हतं. नवरा, मित्र, बहीण, शेजारी, डॉक्टर, सगळं एकाच माणसानं व्हायचं होतं. माझ्या मते अशा जोडप्यांना खरा शीण याचाच येतो. उकाडा, डास, पाणी यांच्याशी माणसं जुळवून घेतात.

सरांना घराबाहेर आपली अशी जागा शोधायला वेळ लागला. आता गुरुवारी दुपारी ते एकटेच बेटावर जातात, फोर्ट जीझसच्या तटापाशी समुद्राकडे तोंड करून बसतात. पोर्तुगीजांनी 1593 मध्ये बांधायला घेतलेला किल्ला. तेव्हा त्यांचा या किनाऱ्यावरचा कारभार गोव्यातून चाले, हेही सरांनी मला सविस्तर सांगितलं. तिथे त्यांना एक निवृत्त स्टेशनमास्तर भेटले. दोघं बुद्धिबळ खेळतात. घरी येऊन सर त्या डावाबद्दल काकूंना सांगतात, आणि काकूंकडे बुधवारचं सांगण्यासारखं असतं. भांडणं होतात अजूनही. परवाचं मच्छरदाणी कुणी खोचायची यावरून झालं.

आता जायचं ठरवत असलेली जोडपी मला विचारतात, तेव्हा मी दोघांना वेगवेगळं बोलावते. ‘तुम्हाला जायचंय का?’ हे दुसरा खोलीत नसताना विचारते. पाठवणाऱ्या मंडळीला पत्र लिहून विचारा म्हणते, की दोघांची कामं काय, पाहुणे कोणत्या वारी येणार नाहीत, आणि सहा महिन्यांनी परत यावंसं वाटलं तर ते कुणाला मोकळेपणानं सांगता येईल. ‘देव बघून घेईल’ असं उत्तर येतं कधीकधी. त्या श्रद्धेचा मी आदर करते आणि तरीही पत्र लिहायला लावते.

अकराव्या महिन्यात लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी काकू पुण्याला आल्या. मला भेटायला आल्या तेव्हा लेसो नेसूनच. मला वाटलं होतं, आता त्या जात नाहीत. लेकीलाही तसंच वाटत होतं. तीन महिने राहून त्या परत गेल्या. मुंबईहून नैरोबीला विमानानं, तिथून मोंबासाला रेल्वेनं, आयुष्यात पहिल्यांदा एकट्या. पोचल्याचा निरोप आला: ‘गाडी वेळेवर. हे स्टेशनवर आले होते, पाणी भरून ठेवलंय म्हणाले. उद्या बुधवार. दोन वाजता बायका न्यायला येतील.’

मी उत्तर लिहायला घेतलं, की एवढ्या प्रवासानंतर उद्या दुपारपर्यंत नीट झोपा. पाठवायच्या आधी लक्षात आलं, दोन म्हणजे सकाळचे आठ.