पाणी घातल्यावर आम्ल ‘सौम्य’ होतं का?

प्रश्न असा आहे: नववीतल्या मुलीने ‘आम्लात पाणी घातल्याने ते सौम्य झाले’ असं लिहिलं आणि गुण गेले. बोलताना तर आपण असंच म्हणतो, मग चुकलं काय?

मराठी चुकलेलं नाही, रसायनशास्त्र चुकलं. रोजच्या बोलण्यात ‘सौम्य’ या एका शब्दावर आपण दोन अर्थ भागवतो. पाठ्यपुस्तकात त्यांची वाटणी झालेली आहे. ‘संहत–विरल’ ही जोडी द्रावणात आम्ल किती आणि पाणी किती एवढंच सांगते. ‘तीव्र–सौम्य’ ही आम्लाची जात सांगते: पाण्यात गेल्यावर त्याचे किती रेणू फुटून हायड्रोजन आयन देतात. हायड्रोक्लोरिक आम्लाचे जवळजवळ सगळे फुटतात, म्हणून ते तीव्र. व्हिनेगरमधल्या अ‍ॅसेटिक आम्लाचे ०.१ मोलार द्रावणात (मोलार म्हणजे लिटरभर द्रावणात विरघळलेला पदार्थ किती, याचं माप) शंभरातला एखाद-दुसराच, म्हणून ते सौम्य.

पाणी घातल्याने पहिली जोडी बदलते, दुसरी नाही. प्रयोगशाळेतलं ३७ टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल संहत आणि तीव्र. त्यातलं साधारण ८.३ मिलिलिटर घेऊन १ लिटर द्रावण केलं की ते ०.१ मोलार, म्हणजे विरल झालं; तीव्र मात्र राहिलंच. उलट, थंडीत १६.६ अंशांखाली बर्फासारखं गोठणारं निर्जल अ‍ॅसेटिक आम्ल संहत असूनही सौम्यच. गंमत म्हणजे अ‍ॅसेटिकचं द्रावण पाण्याने ०.१ वरून ०.००१ मोलारवर आणलं, तर फुटणाऱ्या रेणूंचं प्रमाण वाढून १२ टक्क्यांच्या आसपास जातं. तेव्हा ‘पाण्याने सौम्य झालं’ म्हणणं उलटंच पडतं.

नुसता सामू (पीएच, म्हणजे द्रावणातल्या हायड्रोजन आयनांचं माप; आयन जास्त तितका सामू कमी) मोजून तीव्र-सौम्य ठरवायला गेलात तर फसाल. ०.००१ मोलार हायड्रोक्लोरिकचा सामू ३ आणि ०.१ मोलार अ‍ॅसेटिकचा २.९, सामूदर्शक कागदावर दोघांचा रंग सारखाच. आता दोन्हींचे १०-१० मिलिलिटर घ्या, फिनॉल्फ्थॅलिनचा (आम्ल संपलं की गुलाबी होणाऱ्या दर्शकाचा) एकेक थेंब टाका आणि ब्युरेटमधून (खुणा असलेल्या मापाच्या नळीतून) ०.१ मोलार सोडियम हायड्रॉक्साइड सोडा. पहिलं दोनेक थेंबांतच गुलाबी होतं. दुसऱ्याला पुरे १० मिलिलिटर लागतात. न फुटलेले रेणू तिथे राखीव असतात आणि आम्लारी (इथे सोडियम हायड्रॉक्साइड) येईल तसे फुटत जातात.

‘सौम्य’ म्हणजे निरुपद्रवी, हा अर्थही इथे आणू नये. (हा शब्द निवडणाऱ्यांनी तेवढी अडचण करून ठेवली आहे, हिंदीतला ‘दुर्बल’ त्या मानाने बरा.) हायड्रोफ्लुओरिक आम्ल व्याख्येने सौम्य, पण काच खातं आणि त्वचेतून आत शिरून हाडापर्यंत इजा करतं.

तेव्हा उत्तरात ‘आम्ल विरल झाले’ लिहावं. पण त्या वाक्यात आणखी एक खोट आहे, तीही शब्दाचीच: ‘आम्लात पाणी’. संहत सल्फ्युरिक आम्लाची घनता १.८४, वरून ओतलेलं पाणी त्यावर तरंगतं, मिसळताना निघणारी सगळी उष्णता त्या पातळ थराला मिळते, ते तिथल्या तिथे उकळतं आणि आम्लासकट अंगावर उडतं. म्हणून सप्तमीचा ‘त’ पाण्याला लावायचा: पाण्यात आम्ल, बारीक धारेने, ढवळत.