विभाजक शोधताना थांबायचं कुठे?

प्रश्न : मुलीला ४८ चे विभाजक विचारले की २, ४, ६, ८, १२ असे आठवतील तसे लिहिते. ३ आणि १६ हमखास सुटतात. सगळे मिळाले की नाही, हे तिला कसं कळावं?

आठवतील तसे लिहिणं, हेच इथलं दुखणं आहे. संख्या सम दिसली की मुलं नकळत सम संख्याच तपासतात. त्यामुळे ३ सुटतो आणि ३ सुटला की त्याचा जोडीदार १६ सुद्धा जातो. विभाजक नेहमी जोडीनेच शोधायचे आणि १ पासून क्रमाने, एकही संख्या न गाळता पुढे जायचं.

कागदावर दोन रकाने आखायला सांगा. डावीकडे १, उजवीकडे ४८. त्याखाली २ आणि २४, मग ३ आणि १६, ४ आणि १२. आता ५. एकक स्थानी ० किंवा ५ नाही, म्हणून ५ लिहून त्यावर फुली मारायची. फुली मारलेली संख्या खोडरबरने पुसू देऊ नका. कोणती संख्या तपासून झाली, हे त्या फुलीवरूनच कळतं. पुढे ६ आणि ८. मग ७ : सात सक बेचाळीस, बाकी ६, फुली. त्यानंतरचा ८ उजव्या रकान्यात आधीच बसलेला आहे. इथे थांबायचं. डावा रकाना वरून खाली आणि उजवा खालून वर वाचला की यादी चढत्या क्रमाने तयार : १, २, ३, ४, ६, ८, १२, १६, २४, ४८.

खरं तर ७ तपासायचीही गरज नव्हती. ७ हा जोडीतला लहान विभाजक असता, तर त्याचा जोडीदार ७ किंवा त्याहून मोठा असायला हवा होता. पण ७ × ७ = ४९, म्हणजे ४८ च्या पुढे. हे कारण मुलीला स्वतःच्या शब्दांत सांगता आलं पाहिजे. नुसतं ‘संख्या परत आली की थांब’ एवढंच पाठ करून घेतलं, तर ४७ सारख्या संख्येशी ती अडते. तिथे १ नंतर जोडीच मिळत नाही, त्यामुळे काही परत यायला फार उशीर लागतो आणि मूल थेट ४६ पर्यंत भाग देत बसतं. कारण कळलेलं मूल ६ शी थांबून ‘४७ मूळ संख्या आहे’ असं खात्रीने सांगतं.

प्रश्न : ३६ च्या जोड्यांत ६ × ६ येतं. ६ दोनदा लिहायचा का?

नाही, एकदाच. म्हणून ३६ चे विभाजक ९ होतात, १० नव्हे. वर्गसंख्येच्या विभाजकांची संख्या नेहमी विषम येते, बाकी सगळ्यांची सम. पडताळ्याला हे फार उपयोगी आहे.

प्रश्न : मुलगा विभाजक आणि विभाज्य यांत गोंधळतो. १२ चे विभाजक विचारले की १२, २४, ३६ लिहितो.

व्याख्या पुन्हा घोकून घेण्याआधी १२ बटणं हातात द्या आणि सारख्या ओळींत मांडायला सांगा. ३ ओळी केल्या तर प्रत्येकीत ४ येतात, म्हणजे ३ आणि ४ दोन्ही विभाजक. ५ ओळींत मांडू पाहिलं, तर प्रत्येकीत २ येऊन २ बटणं उरतात, म्हणून ५ विभाजक नाही. १२ बटणांच्या २४ ओळी होऊच शकत नाहीत, हे त्याला न सांगता दिसतं. मग १३ बटणं द्या. एका सरळ रेषेखेरीज दुसरी मांडणी जमत नाही. ‘मूळ संख्या’ हा शब्द इथे आणावा, त्याआधी नाही.

वहीत लिहिताना प्रत्येक उत्तर ‘__ ने १२ ला नि:शेष भाग जातो’ या वाक्यात घालून वाचायची सवय लावा. ‘२४ ने १२ ला’ म्हणताच चूक लक्षात येते.

प्रश्न : मूळ अवयव पाडून विभाजक काढता येतात म्हणे. पण मुलगी ७२ = २ × २ × २ × ३ × ३ लिहिते आणि विभाजक २ व ३ एवढेच सांगते.

तिने अर्धंच काम केलं आहे. या अवयवांतून गट करून गुणाकार करायचे असतात. एका ओळीत नुसत्या २ चे गुणाकार लिहा : १, २, ४, ८. बाजूला उभे नुसत्या ३ चे : १, ३, ९. आता पाढ्यांच्या तक्त्यासारखा चौकटीचा तक्ता भरा. पहिली ओळ १, २, ४, ८. दुसरी ३, ६, १२, २४. तिसरी ९, १८, ३६, ७२. चार गुणिले तीन, एकूण १२ विभाजक. सुरुवातीचा १ विसरला, तर तक्ता अपुरा राहतो; बहुतेक चुका तिथेच होतात.

जोड्यांची रीत हातात बसेपर्यंत मात्र ही रीत शिकवू नये. शिवाय मूळ अवयव पाडताना ५१, ५७, ८७ आणि ९१ या संख्या फसवतात. दहापर्यंतच्या पाढ्यांत त्या येत नाहीत, म्हणून मुलं त्यांना मूळ ठरवून मोकळी होतात. पहिल्या तिघींच्या अंकांची बेरीज करून पाहिली की ३ सापडतो. ९१ साठी ७ ने भागावंच लागतं : ७० आणि २१, म्हणजे ७ × १३. शंभराच्या आतली संख्या मूळ आहे का हे ठरवायला २, ३, ५, ७ एवढ्यांनीच भागून पाहणं पुरतं, कारण ११ × ११ = १२१ शंभराच्या पलीकडे जातं.